मास्तरांच्या शिट्टीतला दाणा

मी शिट्टीतला दाणा बोलतोय. बोलतोय म्हणणं खरं तर धाडसाचंच आहे; मागून कुणी फुंकल्याशिवाय मला आवाज नाही. तेव्हा हे मनातल्या मनात चाललेलं बोलणं समजा. त्यातही काही पुढेमागे झालं, माझ्याकडून जास्त बोललं गेलं, तर सांभाळून घ्या. एवढ्याशा पितळी खोलीत एकट्याने राहणाऱ्याला आपल्या आठवणी ताडून पाहायला दुसरं कुणी नसतं.

जन्माने मी बूच. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला लावलेलं. औषध संपलं, बाटली धुऊन फळीवर गेली आणि मी खिडकीत पडून राहिलो. घर एका शाळामास्तरांचं होतं. ते भूमिती शिकवायचे आणि संध्याकाळी फुटबॉलचा संघ घडवायचे. त्यांच्या शिट्टीतला जुना दाणा झिजून भुगा झाला होता. मास्तरांनी मला उचललं, दाढीच्या पात्याने कापलं, तासलं. आयुष्यभर वर्तुळं काढलेला हा माणूस, पण माझा गोल काही त्यांना साधला नाही. मी एका बाजूला चपटाच राहिलो, आणि शिट्टीच्या खाचेपेक्षा थोडा मोठाही.

मग त्यांनी मला चहाच्या पातेल्यात उकळलं.

"अहो, आता त्यात चहा करायचा की बुचाचा काढा?" मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"दोन मिनिटं. मऊ झाला की आत जाईल."

मऊ झालो, आत गेलो. अंगठ्याने दाबून मास्तरांनी मला खाचेतून ढकललं. आत गेल्यावर मी गार झालो, फुगलो, होतो तेवढा झालो. ज्या दाराने आत आलो ते दार त्यानंतर मला कायमचं लहान पडलं. तेव्हापासून मी इथेच आहे. सुरुवातीला धडपडलो. फुंकर आली की खाचेकडे धाव घ्यायचो, आदळायचो, परत फेकला जायचो. पुढे लक्षात आलं की लोकांना शिट्टीचा आवाज म्हणून जो आवडतो, तो माझ्या या धडपडीचाच आहे. हे कळल्यावर अभिमान वाटायला हवा होता का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या चपट्या बाजूमुळे मास्तरांची शिट्टी सरळ वाजायची नाही. "टुर्रर्र... टक्... टुर्र" अशी मध्येच अडखळायची.

"तुमच्या शिट्टीला उचकी लागलीय," बाई म्हणायच्या.

"लागू दे. माझी म्हणून ओळखू तर येते," मास्तर म्हणायचे.

आमचा संघ काचेच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला. सगळे त्याला 'काचवाले' म्हणत. मास्तरांनी त्यांना एक खास सराव लावला होता, त्याचं नाव 'पुतळा'. खेळ ऐन रंगात असताना मास्तर एक आखूड शिट्टी द्यायचे. ती ऐकली की जो जिथे असेल तिथे त्याने थिजायचं. पाय हवेत असेल तर हवेतच. मग मास्तर हातात काठी घेऊन त्यांच्यामधून फिरायचे. "हा कोन बघ. तू इथे, तो तिथे, मधून बैलगाडी जाईल. दोन पावलं उजवीकडे." सगळं दाखवून झालं की दुसरी, लांब शिट्टी. ती झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही. कुणाच्या नाकावर माशी बसली तरी नाही.

या पुतळ्यात सगळ्यात पक्का होता पाच नंबरचा बचावपटू. पोटापाण्याचा धंदा प्लंबरचा. मैदानात त्याला सगळे 'भिंत' म्हणायचे. बाकीचे मास्तरांची पाठ वळली की पाय टेकवून घ्यायचे. हा कधीच नाही. एकदा मास्तर कुणाशी तरी बोलण्यात गुंतले आणि दुसरी शिट्टी द्यायची विसरले. हा पठ्ठ्या एका पायावर उभाच. मास्तर लगबगीने परत आले, लांब शिट्टी दिली आणि पुढे कितीतरी दिवस ती गोष्ट घरी सांगत राहिले. "असा एक विद्यार्थी मिळाला की पुरे," म्हणायचे.

नऊ वर्षं अशी गेली. मग ती फायनल आली.

तिच्याबद्दल मी अगदी जपून सांगतो, कारण या एका बाबतीत मी साक्षीदारही आहे आणि आरोपीही. सामन्यात शिट्टी वाजवण्याचा हक्क फक्त पंचांचा. मास्तर रेषेबाहेर उभे होते, आमची शिट्टी नेहमीच्या सवयीने गळ्यात. शून्य-शून्य. सत्त्याऐंशीवं मिनिट. आमचे सगळे पलीकडे हल्ल्यावर गेलेले, मागे भिंत एकटा, आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर. समोरचा संघ चेंडू घेऊन उलटला. मास्तरांना दिसलं की भिंतीचा कोन चुकलाय, दोन पावलांनी. आणि त्यांचा हात आपोआप वर आला. मला आधी त्यांच्या श्वासाची ऊब लागली, मग फुंकर. एवढीशी. मी हललो.

टुर्रर्र, टक्, टुर्र.

भिंत थिजला. एक पाय हवेत. समोरचा खेळाडू त्याच्या शेजारून वाऱ्यासारखा गेला आणि गोल झाला.

मास्तरांनी मला मुठीत घट्ट धरलं, मूठ खिशात घातली. आत अंधार झाला. बाहेर भिंत ओरडत होता, "शिट्टी झाली! पंच, शिट्टी झाली!" पंच म्हणाले, मी वाजवलीच नाही. बाकी कुणी ऐकलीच नव्हती. मैदान नुसतं घुमत होतं. कुणीतरी विचारलं, "मास्तर, तुम्ही तर जवळ होतात. ऐकलीत का हो शिट्टी?"

मुठीत घाम सुटला होता. मास्तर म्हणाले, "गोंगाट फार होता."

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. त्यानंतर त्यांनी त्या गोष्टीवर मिठाची गुळणी धरली. पुढची दोन वर्षं ते टाळ्या वाजवून सराव घेत, मग तेही सोडलं. शिट्टी टेबलाच्या खणात गेली. कधीमधी खण उघडायचे, मला हातात घ्यायचे, ओठांपर्यंत न्यायचे आणि परत ठेवायचे. असं बारा वर्षं. ते गेल्यावर त्यांच्या लेकीने मला एका सलूनवाल्याला दिलं, कारण काचवाल्यांचे सगळे चाहते त्याच्याकडे जमतात.

सलूनच्या मालकाने कारखान्यातून खास काचेची पेटी करून घेतली आणि बेसिनच्या वर भिंतीत ठोकली. पेटीला कुलूप. म्हणजे मी शिट्टीत, शिट्टी पेटीत. समोर मोठा आरसा, त्यामुळे बाहेरचं जग मला उलटं दिसतं. माणसं डाव्या हाताने पेपर उलगडतात आणि भांग भलत्याच बाजूला पाडून घेतात.

रविवारी सकाळी बैठक भरते. केस कापायचे असतात दोघांचे, बसायला येतात आठ जण. पुढारी दोन. एक निवृत्त पोस्टमन, ज्याला काचवाल्यांचा प्रत्येक गोल मिनिटासकट पाठ. दुसरा कंपाउंडर, ज्याला पोस्टमनची प्रत्येक गोष्ट खोडून काढायची असते.

"टाचणीसारखा विंगर पुन्हा होणे नाही," पोस्टमन सुरू करतो.

"टाचणी? अहो, वळायच्या आधी तो पंचांची परवानगी घ्यायचा."

"तुम्ही पाहिलाय का त्याला? तेव्हा तुम्ही दवाखान्यात पुड्या बांधत होतात."

"पुड्या बांधता बांधता रेडिओ ऐकत होतो. कान आहेत मला."

"कानांचं नाव काढू नका. कानांनीच आपली फायनल घालवली."

की झालं सुरू. भिंतीला आता कुणी भिंत म्हणत नाही. त्याचं नाव पडलंय 'कानसेन'. पोस्टमन खुर्चीतून उठतो, गळ्यातलं कापड मागे टाकतो, एक पाय उचलतो, हात कानामागे नेतो आणि हुबेहूब वाजवतो, "टुर्रर्र... टक्... टुर्र!" भिंतीने त्या दिवशी रडकुंडीला येऊन सगळ्यांना जो आवाज करून दाखवला होता, तोच. या बैठकीतलं कुणी सराव पाहायला कधी गेलं नव्हतं, आणि खेळाडूंपैकी ज्यांना तो ओळखीचा वाटला, त्यांनी मास्तरांवर संशय घेण्यापेक्षा गप्प बसणं पत्करलं असावं. लोक हसून हसून लोळतात. मालकाला वस्तरा बाजूला धरावा लागतो.

माझाच आवाज. दुसऱ्याच्या तोंडून, थट्टेसाठी, दर रविवारी, चौदा वर्षं. माझ्यापासून चार हातांवर. काचेआडून मी काय करणार?

हसणं ओसरलं की गाडी कोचवर येते. "मास्तरांनंतर तो टायवाला आला. घामाला घाबरायचा." "त्यापेक्षा वहीवाला बरा." "काय बरा? गोल झाला की आधी वहीत टिपायचा, मग आनंद मानायचा." आणि शेवट ठरलेला: सगळे वळून पेटीकडे बघतात. पोस्टमनचा आवाज खाली येतो. "मास्तर ते मास्तर. त्या पराभवानंतर माणसाने शिट्टी ओठाला लावली नाही. याला म्हणतात दुःख." माना हलतात. त्या वेळी मला वाटायचं, ही काच दोन्हीकडून आहे. मी आत अडकलोय आणि हे सगळे बाहेर.

दिवसांमागून दिवस गेले तसा मी जड होत गेलो. बेसिनची वाफ, फवारे, दमट हवा. एका बाजूने शिट्टीच्या भिंतीला चिकटलो. कोणी फुंकलं तरी हलेन की नाही, याची खात्री उरली नव्हती. खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. न बोलण्याला कारण मिळालं.

यंदा काचवाल्यांना पन्नास वर्षं झाली. बैठकीत ठरलं, सलूनच्या भिंतीवर आजवरचा सर्वोत्तम संघ रंगवायचा: अकरा नावं, वर मास्तरांचं चित्र. दहा नावांवर महिनाभर भांडण झालं आणि ती ठरली. गोलकीपर 'हवालदार', उजवीकडे टाचणी, पुढे शेवटच्या मिनिटांत गोल करणारा 'ओव्हरटाइम', असे सगळे. पाच नंबर तेवढा मोकळा राहिला. त्या जागी भिंतीइतका चांगला कुणी झालाच नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं. रविवारी पेंटर येणार होता.

त्याच रविवारी बेसिन तुंबलं आणि पाइप गळायला लागला. मालकाचा नेहमीचा प्लंबर तापाने पडलेला. त्याने निरोप धाडून दुसरा पाठवला, तो होता भिंत. सव्वीस वर्षांत त्याने या सलूनची पायरी चढलेली नव्हती. केस दोन रस्ते पलीकडे कापायचा. छप्पन्नचा असेल. दारात घुटमळला, मालकही चपापला. पण पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. पिशवी ठेवून तो बेसिनखाली शिरला. बाहेर नुसते पाय दिसत होते.

इतक्यात पोस्टमन आणि कंपाउंडर भांडतच आत आले.

"पाच नंबर रिकामा ठेवा, पण कानसेन नको!" पोस्टमन म्हणाला.

मालक खोकला.

"रिकामा ठेवून कसं चालेल? दहा जणांचा संघ काय लाल कार्ड मिळाल्यासारखा?" कंपाउंडर म्हणाला. मालक पुन्हा खोकला.

"कफ झालाय का तुम्हाला? अडुळसा घ्या. मी काय म्हणतो, मास्तरांच्या चित्राखाली त्या माणसाचं नाव? ज्याने त्यांचं काळीज मोडलं? कशी शिट्टी ऐकली म्हणे?" आणि पोस्टमनने पाय उचलला. "टुर्रर्र... टक्..."

बेसिनखालून आवाज आला, "मालक, पाना द्या. बारा नंबरचा."

पोस्टमनचा पाय तसाच राहिला. मग हळूच खाली आला. तो समोरचा पेपर उचलून वाचायला लागला. पेपर उलटा होता; आरशात मला त्यातल्या फोटोतली माणसं डोक्यावर उभी दिसली.

बऱ्याच वेळाने भिंत बाहेर आला. कुणाकडे पाहिलं नाही. "पाइप भिंतीत कुजलाय. ही पेटी काढावी लागेल, तिच्यामागची फरशी फोडायचीय."

पेटीचे स्क्रू आतल्या बाजूने होते. मालकाने किल्ली शोधून कुलूप काढलं. तेवढ्यात मास्तरांची लेक आली. ती ग्रंथालयात काम करते, सगळे तिला ताई म्हणतात. पेंटरसाठी ती मास्तरांचा फोटो घेऊन आली होती. मालकाने शिट्टी तिच्याच हातात दिली.

ताईने मला उजेडात धरलं. "बाबांनी कधी वाजवू दिली नाही मला. लहान असताना मैदानावर ऐकलीय, तेवढीच. एकदा वाजवू?"

"नको ताई!" पोस्टमन उठला. "मास्तरांनी स्वतः लावली नाही ओठाला. आपण पाळू या."

"एकदाच, काका. घरचीच तर आहे."

फुंकर आली. सव्वीस वर्षांनी. मी जोर केला आणि जागचा हललो नाही. शिट्टीतून नुसती बारीक, सरळ शीळ निघाली. कुणाचीही असू शकेल अशी.

"झालं. साधी शिट्टी," पोस्टमन हुश्श करून म्हणाला. "ठेवा आता."

तेव्हा भिंतीचा चेहरा मी पाहिला. राग नव्हता त्यात. आपलीच चूक होती असं अखेर मान्य करणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. इतकी वर्षं त्याच्या मनात जी शंका लोकांनी पेरली होती, ती त्या क्षणी खरी ठरली होती, माझ्यामुळे. मी चिकटून बसलो होतो म्हणून.

तो पाना-पक्कड आवरायला वाकला. वाकता वाकता थांबला. "ताई, जरा बघू." त्याने शिट्टी कानाशी नेऊन हलवली. "दाणा अडकलाय. नळात वायसर चिकटतो, तसाच." बेसिनच्या कडेवर त्याने शिट्टी दोनदा ठोकली. टक्. टक्. माझ्या पाठीत कळ गेली आणि मी सुटलो. शिट्टीतच, पण सुटलो. स्वतः न वाजवता त्याने ती ताईच्या हाती दिली आणि पिशवीकडे वळला.

ताईने आखूड फुंकलं.

टुर्रर्र, टक्, टुर्र.

भिंतीचं पाऊल उचललेलं होतं. ते तसंच राहिलं. पाठ आमच्याकडे, एक पाय हवेत, हातात पाना. छप्पन्नाव्या वर्षी तोल कसा सांभाळला कोण जाणे.

पोस्टमनला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्या आवाजाचा त्याच्याइतका सराव कुणालाच नव्हता. तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकलं.

"शेवटच्या आजारात बाबा झोपेत ओठ असे करायचे," ताई म्हणाली. "लांब फुंकल्यासारखे. आम्हाला वाटायचं, धाप लागतेय."

भिंत हलला नाही. पाय अजून हवेतच.

ताईला पुतळ्याचा सराव आठवला असावा. तिने छाती भरून श्वास घेतला आणि दुसरी शिट्टी दिली. लांब. मी त्या खोलीत जितका फिरू शकत होतो तितका फिरलो, आदळलो, पुन्हा फिरलो. माझ्या आयुष्यात इतका वेळ मी कधी वाजलो नव्हतो.

भिंतीने पाय खाली ठेवला.

शेवटी कंपाउंडर म्हणाला, "अरे, मग बोलला का नाहीस? ओळखली नव्हतीस?"

"ओळखली होती. वाटलं, ते बोलतील." त्याने पान्याला लागलेलं पाणी शर्टाला पुसलं. "नाही बोलले. मग वाटायला लागलं, मीच चुकीचं ऐकलं. तुम्ही एवढे सगळे सांगत होतात." मग ताईकडे बघून म्हणाला, "पण कोन चुकलाच होता माझा. दोन पावलं. मास्तरांना बरोबर दिसलं होतं."

पेंटर आला तेव्हा फरशी फोडून झाली होती. त्याने विचारलं, पाच नंबरला काय लिहू? मालक म्हणाला, "भिंत लिहा, भिंत."

"भिंतीवर भिंत काय लिहिता?" बेसिनखालून आवाज आला. "कानसेन लिहा. ऐकलं तर मीच होतं ना?"

त्यावर हसायचं की नाही ते कुणालाच कळेना. मग पोस्टमनच आधी हसला आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले.

ही गोष्ट इथेच संपवली असती तर बरं दिसलं असतं, पण माझं मन तसं नाही. आता दर रविवारी नवा वाद असतो: मास्तरांचं चित्र वर राहू द्यायचं की नाही. कंपाउंडर म्हणतो, पुसा. पोस्टमन म्हणतो, त्या एका फुंकरीसाठी माणूस बारा वर्षं झुरला, ते कुणी मोजायचं? ताई हल्ली येत नाही. एकाला सोडवताना मी दुसऱ्याला अडकवलं का? मास्तरांनी मला घडवलं होतं. ज्यांच्या श्वासाने मी हललो, त्यांच्याविरुद्धच साक्ष दिली. फुंकर आली तेव्हा हलायचं नाही, हे माझ्या हातात होतं का? रात्रंदिवस हाच विचार करतो, आणि उत्तर सापडलं की लगेच ते चुकीचं वाटतं.

मी परत पेटीत आहे. खाच तेवढीच आहे, मी तेवढाच आहे. कुलूप मात्र मालकाने पुन्हा लावलं नाही. कानसेन आता इथेच दाढीला येतो. बेसिन तपासतो, मग पेटी उघडून शिट्टी कानाशी हलवून बघतो, मी मोकळा आहे ना. आत खुळखुळ ऐकू आली की परत ठेवतो.

वाचकहो, मी फुंकरीचा गुलाम. तुमचं तसं नाही. तुमच्या कुणा एखाद्याला पहिली शिट्टी देऊन तुम्ही विसरला असाल, तर तो अजून एका पायावर उभा असेल. माझ्या मास्तरांसारखं शिट्टी ओठांपर्यंत नेऊन परत खणात ठेवू नका. जा, आणि दुसरी देऊन या.